डबाभर गोळ्या, तरी हिमोग्लोबिन नऊच

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून):

वय ५२, माध्यमिक शाळेत शिक्षिका. एप्रिल २०२१ मध्ये कोविड झाला तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी झिंकची ५० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली होती. बरं वाटलं म्हणून त्यांनी ती पुढेही चालू ठेवली, त्याला आता चार वर्षं उलटून गेली. गोळ्या संपत आल्या की अमेरिकेतली मुलगी मोठी बाटली पाठवते. केस गळायला लागले म्हणून केसांसाठीच्या गमीज (चघळायच्या गोड गोळ्या) सुरू केल्या, शिवाय एक मल्टिव्हिटॅमिन आणि कॅल्शियम. वर्षभरापासून दम लागतो. हिमोग्लोबिन ११.८ होतं, ते ९.१ वर आलं. आठ महिने लोहाची गोळी घेऊनही आकडा हललेला नाही. पांढऱ्या पेशी २,८००. पायांना मुंग्या येतात, तळव्यांखाली कापूस असल्यासारखं वाटतं. बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, भिंत धरावी लागते. बी-१२ तपासून झालं, ते नॉर्मल. आता डॉक्टरांनी बोन मॅरोची, म्हणजे हाडांतल्या मज्जेची, तपासणी सांगितली आहे आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे. त्या विचारतात, ‘मुलगी म्हणते, लोह आणि मॅग्नेशियम तिकडून चांगल्या कंपनीचं पाठवते. कोणतं मागवू? आणि एवढी काळजी घेऊनही माझ्याच वाट्याला हे का?’

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल हातात घेतली आणि दोन ठिकाणी खूण केली. पहिल्या पानावर तुम्ही लिहिलंय, ‘औषध म्हणाल तर फक्त बीपीची एक गोळी चालू आहे.’ आणि तिसऱ्या पानावर, केसांबद्दल लिहिता लिहिता, झिंक, गमीज, मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम अशी यादी येते. डॉक्टरांपुढे बसलात तेव्हा त्यांनाही तुम्ही पहिल्या पानावरचंच उत्तर दिलं असणार. त्यात तुमचा काही दोष नाही. आपल्याकडे ‘औषध’ वेगळं आणि ‘ताकदीच्या गोळ्या’ वेगळ्या. मेडिकलवाला त्या चिठ्ठीशिवाय देतो, घरी त्या चहाच्या डब्याशेजारी असतात, त्यांना कोण औषध म्हणणार?

पण माझ्या मते तुमच्या दुखण्याचा धागा त्या तिसऱ्या पानावर आहे. म्हणून मुलीकडून काय मागवायचं हे आज ठरवूच नका. आधी काय थांबवायचं ते बघू.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण न चढणारं हिमोग्लोबिन, उतरलेल्या पांढऱ्या पेशी, पायांतल्या मुंग्या, डोळे मिटल्यावर जाणारा तोल आणि चार वर्षांचं झिंक या सगळ्या गोष्टी एका ओळीत मांडल्या, तर कुठल्याही फिजिशियनच्या मनात एक शंका यायला हवी. तुमच्या शरीरातलं तांबं संपत आलं असावं, आणि ते जस्तानं, म्हणजे झिंकनं, बाहेर घालवलं असावं.

हे कसं होतं ते नीट सांगते, कारण ते कळलं की पुढचे निर्णय सोपे जातात. आपण खाल्लेलं जस्त आणि तांबं आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमधून रक्तात जातं. जस्त फार यायला लागलं की त्या पेशी सावध होतात आणि धातूंना धरून ठेवणारं एक प्रथिन जास्त प्रमाणात बनवायला लागतात. येणाऱ्या जस्ताला अटकाव करण्यासाठी ते बनतं खरं, पण त्या प्रथिनाची पकड जस्तापेक्षा तांब्यावर जास्त घट्ट असते. जेवणातून आलेलं तांबं त्यात अडकतं. आतड्याच्या या पेशी काही दिवसांत झडतात, नव्या येतात, आणि झडलेल्या पेशींबरोबर अडकलेलं तांबंही शौचावाटे निघून जातं. एक दिवस, पंधरा दिवस असं झालं तर काही बिघडत नाही. चार वर्षं म्हणजे चौदाशेहून जास्त गोळ्या झाल्या.

हा परिणाम इतका भरवशाचा आहे की डॉक्टर त्याचा औषध म्हणून उपयोग करतात. विल्सनचा आजार नावाचा एक जन्मजात आजार आहे. त्यात यकृतात आणि मेंदूत तांबं साठत जातं. ते शरीरात येऊ नये म्हणून त्या रुग्णांना मुद्दाम जस्त देतात, साधारण ५० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा. म्हणजे ज्यांच्या अंगात तांबं जास्त झालंय त्यांचं औषध, तिसरा हिस्सा का होईना, तुम्ही रोज सकाळी घेत होता.

तांब्याची गरज असते तरी किती? दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. पण तेवढ्यावर मोठी कामं चालतात. शरीरात साठवलेलं लोह बाहेर काढून रक्तपेशी तयार होतात तिथवर पोचवायचं, तर वाटेत तांबं असलेलं एक प्रथिन लागतं. ते नसेल तर कोठार भरलेलं राहतं आणि चूल थंड. आठ महिने तुम्ही कोठारात लोहाची पोती टाकत राहिलात. हिमोग्लोबिन कुठून चढणार? तुमची फेरिटिनची, म्हणजे साठवलेलं लोह किती आहे ते सांगणारी, तपासणी झाली असेल तर तो आकडा बघा. पत्रात तुम्ही तो दिलेला नाही. हिमोग्लोबिन नऊ आणि फेरिटिन चांगलं भरपूर असं असेल, तर लोहाची आणखी एक महागडी बाटली काहीच करणार नाही.

मज्जातंतूंनाही तांबं लागतं. ते कमी पडलं की पाठीच्या कण्यातल्या ज्या तंतूंमुळे पाय कुठे आहेत हे डोळे मिटूनही आपल्याला कळतं, ते दुबळे होतात. उजेडात नजर सांभाळून घेते. साबणाचं तोंड धुवायला डोळे मिटले की आधार सुटतो. तुम्ही बेसिनजवळची ती गोष्ट लिहिलीत हे फार बरं केलंत. बी-१२ च्या कमतरतेत अगदी असंच होतं, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी आधी बी-१२ तपासलं, आणि ते बरोबरच होतं. ते नॉर्मल आल्यावर पुढचं नाव तांब्याचं असतं. फक्त ते सुचायला झिंकची गोळी डॉक्टरांना माहीत असावी लागते.

आता बोन मॅरोबद्दल. तुम्ही ‘कॅन्सर’ हा शब्द कुठेही लिहिलेला नाही, पण ओळीओळीत तोच आहे. तांबं कमी असताना बोन मॅरोचा नमुना बघितला, तर तो रक्ताच्या एका गंभीर विकारासारखा दिसू शकतो. मज्जेतल्या अपरिपक्व पेशींत पोकळ्या दिसतात, लोहाचे कण पेशीकेंद्राभोवती कड्यासारखे जमलेले दिसतात. तांब्याचा विचार मनात नसेल तर निदान भलतीकडे जाऊ शकतं. म्हणून तपासणीच्या आधी ही माहिती डॉक्टरांच्या हातात पडली पाहिजे. पण ‘माझं तर झिंकमुळेच झालंय’ असं ठरवून तपासणी रद्द करू नका. माझी शंका चुकीची असू शकते, आणि तसं असेल तर ती तपासणी लागेल. डॉक्टरांना एवढंच विचारा, ‘तांब्याचा रिपोर्ट येईपर्यंत थांबता येईल का?’ रक्ताचे आकडे बघून ते हो म्हणतील किंवा नाही म्हणतील. जे म्हणतील ते ऐका.

तर या आठवड्यात एवढं करा.

झिंकची गोळी आजच बंद. ती हळूहळू कमी करायची गरज नसते. गमीज आणि मल्टिव्हिटॅमिनही बंद, कारण दोन्हींत झिंक असण्याची बरीच शक्यता आहे. बीपीच्या गोळीला हात लावू नका. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील.

मग घरातलं सगळं गोळा करा. रिकाम्या स्ट्रिपा, बाटल्या, गमीजचा डबा, साहेबांच्या कपाटातलं काही असेल तर तेही. एका पिशवीत भरून ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. माझ्याकडे एक निवृत्त एसटी कंडक्टर येत असत. एकदा त्यांनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून सगळ्या स्ट्रिपा आणल्या. टेबलावर ओतल्यावर अकरा निघाल्या आणि त्यातल्या चारांत झिंक होतं, प्रत्येकीवर नाव निराळं. त्यांना चार वेगवेगळ्या डॉक्टरांनी, चार वेगवेगळ्या कारणांसाठी, प्रत्येकानं थोड्या दिवसांपुरत्या त्या दिलेल्या. बंद करा असं मात्र कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी पहिल्या भेटीत ‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारत नाही, ‘तोंडात काय काय जातं?’ असं विचारते.

डॉक्टरांना रक्तातलं तांबं, सेरुलोप्लाझ्मिन (तांबं असलेलं रक्तातलं प्रथिन) आणि जस्त या तीन तपासण्यांबद्दल विचारा. केसांच्या गमीजमध्ये बहुधा बायोटिन हे ‘ब’ गटातलं जीवनसत्त्व असतं. ते थायरॉइडसह काही तपासण्यांचे आकडे चुकवतं, तेव्हा गमीज बंद केल्यावर दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि गमीज घेत होता हे लॅबमध्येही सांगा. पायांसाठी मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घ्या, आणि पुढच्या महिन्याची नको, लवकरची घ्या. घाई का, तेही सांगते. कारण तांब्याचंच असेल तर उपचार सुरू झाल्यावर रक्ताचे आकडे काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत सावरतात. नसांचं तसं नाही. बिघाड पुढे जायचा थांबतो, पण झालेलं नुकसान हळूहळू भरून येतं आणि कधी कधी पूर्ण भरून येत नाही. म्हणून ‘परीक्षा संपल्या की बघू’ असं म्हणू नका, ताई. तोवर रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा आणि तोंड स्टुलावर बसून धुवा.

तांब्याच्या गोळ्या मात्र मनानं सुरू करू नका. रक्त द्यायच्या आधी घेतल्या तर रिपोर्टच फसवा येईल. आणि तांबं किती, तोंडानं की सलाइनमधून, हे कमतरता किती आहे त्यावर ठरतं. झिंक बंद केलं तरी आतड्यातला अडथळा लगेच सुटत नाही, काही आठवडे रेंगाळतो. त्यामुळे नुसतं थांबवून पुरेल का, हेही डॉक्टरच सांगू शकतील.

तांब्याचं नाव काढल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे माळ्यावरचा तांब्याचा हंडा आला असेल. आता सगळं पाणी त्यातलंच प्यायचं, असं घरात कोणीतरी म्हणेलच. त्यात साधं पाणी ठेवून प्यायला माझी हरकत नाही, पण तो उपचार नव्हे. पाण्यात किती तांबं उतरेल याचा काही हिशेब नसतो. आणि तांबं जास्त झाल्यावर काय होतं, हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत दूध तापवून ते तान्ह्या बाळांना पाजायची पद्धत होती. लहानग्यांचं यकृत निकामी करणारा एक आजार तेव्हा आपल्याकडे होता. त्याचा या भांड्यांतल्या दुधाशी असलेला संबंध पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिला. भांडी बदलली आणि तो आजार आता जवळपास दिसत नाही. धातू कमी पडला तरी घात, जास्त झाला तरी घात. ताक, लिंबूपाणी, चिंचेचं सार तर कल्हई नसलेल्या भांड्यात कधीच ठेवू नका.

जेवणातून तांबं मिळवणं मुळीच अवघड नाही. तीळ, सुकं खोबरं, काजू, हरभरे, राजमा यांत ते असतं. मांसाहार करत असाल तर कलेजी आणि खेकडे. तिळाची चटणी भाकरीबरोबर रोज खा. औषधोपचाराच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीला.

तुम्ही विचारलंत, एवढी काळजी घेऊनही मलाच का? यावर मी बराच वेळ विचार केला. काळजी घेण्यात तुम्ही कुठे कमी पडला नाहीत. फक्त काळजी म्हणजे काहीतरी वाढवायचं, असं तुम्ही धरून चाललात. केस गळले, एक वाढवलं. दम लागला, दुसरं वाढवलं. मुंग्या आल्या, आता तिसरं विचारताय. खनिजं एकेकटी राहत नाहीत. आतड्याच्या त्याच दारातून त्यांची ये-जा असते, एकीला पुढे ढकललं की दुसरी मागे पडते. जस्त तांब्याला अडवतं. जेवणाबरोबर घेतलेलं कॅल्शियम लोहाला अडवतं. लोहाचा मोठा डोस रिकाम्या पोटी घेतला की जस्ताची वाट अडते. डाळ-भाकरीत ती सगळी थोडी थोडी येतात म्हणून निभतं. एकाचीच मूठभर आली की बाकीच्यांची पंचाईत.

आकडाही बघून ठेवा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला साधारण १३ मिलिग्रॅम जस्त लागतं, पुरुषाला १७, आणि सगळं धरून रोजची वरची मर्यादा ४०. तुमची एक गोळीच ५० ची. मल्टिव्हिटॅमिन, गमीज आणि जेवण त्यावर.

जस्त वाईट नाही, हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर हे वाचून एखादी आई बाळाचं झिंक बंद करेल. जुलाब झालेल्या सहा महिन्यांवरच्या बाळाला ओआरएसबरोबर रोज २० मिलिग्रॅम झिंक चौदा दिवस देतात, आणि ते पूर्ण द्यायलाच हवं. माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते हे जगाला दाखवलं ते मूळच्या बिहारच्या डॉ. आनंद प्रसाद यांनी, १९६० च्या दशकात, इराण आणि इजिप्तमधल्या खुरटलेल्या तरुणांवर काम करून. आणि १९७८ मध्ये, जास्त काळ जस्त दिल्यानं मोठ्या माणसांतही तांबं घटतं, हे सहकाऱ्यांबरोबर लिहून ठेवणारेही तेच. त्यांचा रुग्ण सिकलसेलचा होता, दोन वर्षं रोज १५० मिलिग्रॅम जस्त घेत होता. ज्या माणसानं जस्ताची गरज सिद्ध केली त्यानंच त्याचा अतिरेकही नोंदवला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. डोळ्यांच्या पडद्याच्या आजारावर वयस्कर मंडळींना जस्ताच्या मोठ्या डोसच्या गोळ्या देतात. त्यांच्या मूळ सूत्रात ८० मिलिग्रॅम जस्ताबरोबर २ मिलिग्रॅम तांबं घातलेलं आहे ते याच कारणासाठी. तुमच्या घरी कोणी त्या घेत असेल तर त्या बंद करू नका, लेबल मात्र बघा.

लेबल बघायचं म्हणजे मागचं बारीक अक्षर. ‘झिंक सल्फेट’ असं लिहून पुढे एक आकडा असतो, तो क्षाराच्या वजनाचा. त्याच्याखाली ‘एलिमेंटल झिंक’ असा दुसरा आकडा असतो. तो प्रत्यक्ष जस्ताचा, आपल्याला हवा तो हा दुसरा. मोबाइलनं फोटो काढून मोठा करून वाचा.

गमीजच्या डब्यावर सेलेनियमही लिहिलेलं सापडेल. केसांसाठी म्हणून ते घालतात. पण सेलेनियम जास्त झालं की केसच गळतात, नखं ठिसूळ होतात. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत २०२४ संपता संपता लोकांचे केस अचानक झडायला लागले, तेव्हा त्यांच्या रक्तात सेलेनियम वाढलेलं आढळलं होतं. तुमचं तसं झालंय असं मी म्हणत नाही, पण हिमोग्लोबिन नऊ असताना केस गळणारच. ते वर आलं की केसांचं बघू.

असंच डबा भरून घेणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन-चार गोष्टी. ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एकदा असते. ती रोज घेतलेली माणसं मी पाहिली आहेत, रक्तातलं कॅल्शियम चढून बद्धकोष्ठ, उलट्या आणि बडबड सुरू झालेली. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांत चार तासांचं अंतर ठेवा. मूत्रपिंड दुबळं असेल तर मॅग्नेशियमची गोळी किंवा पोटॅशियमवालं ‘कमी सोडियमचं’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बीपीच्या काही गोळ्यांबरोबर त्या मिठानं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जातं. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रत्येक ताकदीच्या गोळीबद्दल तिथेच विचारा, ‘कधी बंद करू?’ उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या.

आता मुलीचं. तुम्ही लिहिलंय, ‘ती एवढ्या प्रेमानं पाठवते, नको म्हटलं तर तिला लागेल.’ समजू शकते. लांब राहणाऱ्या लेकीला आईसाठी हातानं काही करता येत नाही, ती बाटली पाठवते. तिला ‘तुझ्या गोळ्यांनी झालं’ असं सांगू नका. तसं नाहीच, पंधरा दिवसांची गोळी चार वर्षं गेली, ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. तिला दुसरं काम द्या. बाटल्यांच्या लेबलांचे फोटो तिच्याकडून मागवा, डॉक्टरांच्या भेटीच्या वेळी तिला फोनवर घ्या, रिपोर्ट तिला वाचायला द्या. आणि तीही रोज तीच बाटली घेते का, हे आज रात्रीच्या फोनवर विचारा.